वाचणाऱ्याची खुर्ची

१

प्रूफं तपासायची खरी रीत एकच आणि ती दोघांची, असं विरामरावांचं ठाम मत होतं. एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावरून लाल पेन्सिल फिरवत जायचं. वाचणाऱ्याने शब्द तर वाचायचेच, पण मधली चिन्हंही तोंडाने म्हणायची. "दार उघडं होतं स्वल्पविराम पण आत कुणी नव्हतं पूर्णविराम नवा परिच्छेद." परक्या माणसाने खिडकीतून ऐकलं तर त्याला वाटावं, या घरात सगळ्यांनाच ताप चढलाय.

विरामराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका स्वल्पविरामापायी त्यांनी अख्खा सोळा पानांचा फर्मा परत छापायला लावला, तेव्हा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी वैतागून ते ठेवलं होतं. पुढे ते इतकं चिकटलं की नातेवाइकांच्या लग्नपत्रिकाही त्याच नावाने येऊ लागल्या.

वाचायचं काम लग्नापासून बायकोकडे होतं. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून दोघांनी प्रवासवर्णनं तपासली, आत्मचरित्रं तपासली, एका डॉक्टरांचा मूळव्याधीवरचा जाडजूड ग्रंथही तपासला. घसा दुखायला लागला की ती चिन्हं म्हणायची सोडून चमचा टेबलावर आपटायची. एकदा म्हणजे स्वल्पविराम, दोनदा म्हणजे पूर्णविराम. हळूहळू ही भाषा संसारातही शिरली. भांडणात चमचा दोनदा वाजला की विषय संपला. एकदाच वाजला, तर अजून बरंच ऐकायचंय हे विरामराव ओळखून असत.

यंदा काम मोठं आलं होतं. ज्यांच्या भुताखेतांच्या कथा वाचून दोन पिढ्या पाय आखडून झोपल्या, त्या भयभास्करांच्या समग्र कथांचा संग्रह निघणार होता. भयभास्कर ही पदवी वाचकांनी दिलेली. ती मिरवणारे गृहस्थ जाऊन कैक वर्षं झाली होती. कथा जुन्या मासिकांतून शोधायच्या, क्रमाने लावायच्या, तपासायच्या. संपादक म्हणून विरामराव. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत पेन्सिल चालवणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदाच पहिल्या पानावर येणार होतं. त्या पानाचं प्रूफ त्यांनी बायकोला दाखवलं आणि तिथेच माशी शिंकली.

"माझं कुठाय?" ती म्हणाली.

"तुझं कशाला?"

"मी वाचते म्हणून."

"अगं, वाचणाऱ्याचं नाव घालायची प्रथा नाही."

"घालून बघा. पान फाटत नाही."

"जगात कुठेच नसते तशी प्रथा. लोक हसतील मला."

बायकोने चमचा दोनदा आपटला. "मग आता प्रथेलाच बसवा वाचायला," ती म्हणाली, आणि सकाळी पिशवी भरून बहिणीकडे निघून गेली. विरामरावांना वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी त्यांनी एकट्याने टोस्ट जाळला.

२

वाचणारा तर हवा होता. शेवटी बायकोच्या भावालाच गळ घातली. मेव्हणा बँकेतून निवृत्त झालेला आणि तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलेला. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणत विरामराव त्याला घेऊन भयभास्करांच्या घरी गेले. मासिकं घराबाहेर न्यायची नाहीत, अशी भयभास्करांच्या मुलीची अट होती.

मुलगी म्हणजे आता सत्तरीच्या ताई. उंच, सडपातळ. बोलायच्या इतकं हळू की समोरच्याने आपोआप पुढे वाकावं. आवाज असा नव्हताच, नुसती कुजबुज. त्यांनी दोघांना वरच्या मजल्यावर नेलं.

खोली स्वच्छ होती. एक खिडकी, दुधी काचेची. एक टेबल, त्याच्यापुढे एक खुर्ची. आणि त्या खुर्चीच्या बरोब्बर मागे, पाठीला पाठ लावून, दुसरी खुर्ची. दोन्हींचे पाय जमिनीत स्क्रू मारून पक्के केलेले. दुसऱ्या खुर्चीसमोर काचेचं कपाट आणि त्यात मासिकांचे गठ्ठे.

"अण्णांना वाचणाऱ्याचं तोंड दिसलेलं खपत नसे," ताई कुजबुजल्या. "तोंड दिसलं की आपण शब्द सोडून माणूस ऐकतो, म्हणायचे."

"वाचायचं कोण?"

"आई."

"त्यांचंही नाव कुठे..." विरामरावांनी विचारायला तोंड उघडलं आणि बायको आठवून मिटलं.

मेव्हण्याने वाचायला सुरुवात केली आणि विरामरावांच्या डोक्याला ताप झाला. मेव्हणा वाचत नव्हता, भूमिका करत होता. म्हातारीसाठी वेगळा आवाज, वाऱ्यासाठी वेगळा, प्रेतासाठी तर त्याने घशाचं पार भजं केलं. चिन्हं तो सरसकट गिळत होता.

"अरे, स्वल्पविराम म्हण की."

"भावोजी, प्रेत गळा धरतंय. तो माणूस स्वल्पविराम म्हणेल का?"

"तो नाही. तू म्हणायचंस."

दुपारपर्यंत एक कथा कशीबशी संपली. मेव्हण्याने शेवटचं हास्य इतक्या जोरात केलं की ताई जिना चढून वर आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, आणि तशाच खाली गेल्या. विरामरावांना वाटलं, बाईंना अभिनयाची चीड आहे. त्यांना स्वतःलाही होती.

३

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला विरामरावांनी चांगलं खडसावलं. नाटक बंद, चिन्हं चालू. मेव्हणा फुगून बसला. विरामरावांनी टेबलाशी बसून प्रूफ सरळ केलं आणि न वळताच म्हणाले, "हं, सुरू कर."

मागून वाचन सुरू झालं. "जिन्यातला दिवा हलला स्वल्पविराम पण वारा नव्हता पूर्णविराम."

काय सांगावं. असं वाचन विरामरावांनी जन्मात ऐकलं नव्हतं. स्वच्छ, सपाट, एका लयीत. आवाजात ना राग ना लोभ. छापलेल्या अक्षरालाच कंठ फुटावा तसा. अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद, एकही चिन्ह चुकत नव्हतं. विरामरावांची पेन्सिल भराभर चालू लागली. एक कथा संपली, दुसरी निम्मी झाली. फुगला तरी गडी कामाचा निघाला, असं त्यांच्या मनात आलं आणि ते कौतुकाने म्हणाले, "शाब्बास. असंच वाच. चहा सांगू का?"

तेवढ्यात दार उघडलं आणि मेव्हणा आत आला. त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा होता.

"रागावू नका, भावोजी," तो म्हणाला. "तुम्ही तोडून बोललात, म्हणून जरा खाली जाऊन आलो. कोपऱ्यावर एक जुना नाटकवाला भेटला. बोलता बोलता वेळ गेला."

विरामरावांनी मागे पाहिलं. खुर्चीवर मासिक उघडं पडलं होतं. ज्या पानावर वाचन थांबलं होतं, तेच पान.

"केव्हा गेलास?"

"तुम्ही 'सुरू कर' म्हणालात ना, तेव्हाच. म्हटलं, यांना कळू दे माझी किंमत."

विरामरावांनी बिस्कीट घेतलं. ते त्यांच्या हातातच राहिलं.

४

पण विरामराव हे विचारी गृहस्थ होते. घरी जाताना त्यांनी सगळ्याचा नीट विचार केला. या कथा आपण लहानपणापासून वाचलेल्या. पाठच आहेत. प्रूफ वाचताना मनातल्या मनात आवाज येतोच. तो जरा मोठा झाला असेल. मासिक काय, वाऱ्याने उलटलं असेल. खिडकी बंद होती ही गोष्ट त्यांनी या विचारात घेतली नाही.

इकडे प्रकाशकाचे फोन चालू होते. सगळे त्याला मालक म्हणत. जन्मशताब्दीचा समारंभ ठरलेला, सभागृह घेतलेलं, पाहुणे बोलावलेले.

"विरामराव, पुस्तक वेळेवर हवं. नाहीतर मी दुसरा संपादक बघतो," मालक म्हणाले.

"होईल, होईल."

"वहिनी आहेत ना वाचायला?"

"वाचन जोरात चाललंय," विरामराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेव्हण्याला गोड बोलून घरी बसवलं आणि एकटेच गेले. मासिक मागच्या खुर्चीवर ठेवलं, आपल्या खुर्चीत बसले, खाकरले आणि कुणी ऐकत नाही ना हे पाहून हळूच म्हणाले, "हं."

वाचन सुरू झालं.

मागे वळून का पाहिलं नाही, असं कुणीही विचारील. विरामरावांचा हिशेब साधा होता. वळून पाहिलं आणि कुणी नसलं, तर काम थांबेल. वळून पाहिलं आणि कुणी असलं, तर फारच थांबेल. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? शिवाय असा वाचणारा शोधून सापडला नसता. चहा मागत नाही, राजकारण बोलत नाही, मधेच उठून फोन घेत नाही, आणि मुख्य म्हणजे पहिल्या पानावर नाव मागत नाही. पहिल्या दिवशी विरामरावांच्या मानेवर काटा आला. दुसऱ्या दिवशी तो जरा कमी आला. पुढे पुढे तर ते निघताना खुर्चीकडे न बघता "येतो बरं का" असं म्हणू लागले.

माणसाला कशाचीही सवय होते, हे खरं. पण सवय ही दोन्हीकडून होत असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

५

आधी एक खाकरणं आलं. लांबलचक वाक्य सुरू व्हायच्या आधी, हलकंसं. विरामरावांनी पेन्सिल थांबवली. बायको असंच खाकरायची.

मग परिच्छेद बदलताना "हं" आलं. तेही तिचंच. आणि आवाज. तो आता छापील राहिला नव्हता. कडेकडेने त्यात ओळखीची ऊब येत होती, जरा नाकातली, जरा दमलेली. विरामरावांना खरं तर बरं वाटलं. बायकोची आठवण येत होती, आणि ती कबूल करायला तिच्या बहिणीकडे जावं लागलं असतं. इथे ती बसल्या जागी मिळत होती.

एका कथेत थडग्याचं दार लागतं तिथे वाचन थांबलं. मग तोच आवाज सहज म्हणाला, "निघताना गॅस बंद केलात ना प्रश्नचिन्ह."

"हो, केला," विरामराव म्हणाले.

आणि मग त्यांची पेन्सिल हातातून गळाली. ती टेबलाखाली घरंगळत मागच्या खुर्चीकडे गेली. ती उचलायला ते वाकले नाहीत. दुसरी काढली.

संध्याकाळी त्यांनी सगळा अभिमान गिळून मेव्हणीला फोन लावला.

"तिला दे जरा."

"देऊन काय उपयोग?" मेव्हणी म्हणाली. "तिचा आवाज गेलाय."

"गेलाय म्हणजे?"

"म्हणजे गेलाय. आधी नुसता बसला होता. आम्ही म्हटलं, थंडी बाधली. मग दिवसेंदिवस कमीच होत गेला. आज तर तोंडातून हूं का चूं नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे, लाल नाही की सुजलेला नाही. पाटीवर लिहून चहा मागते बिचारी."

विरामरावांना बसावंसं वाटलं. ते बसलेलेच होते. "फोन तिच्या कानाला लाव," ते म्हणाले. "अगं, मी बोलतोय."

पलीकडे काहीच आलं नाही. नुसता श्वास. मग कशावर तरी चमचा वाजला, एकदाच. विरामराव वाट पाहत राहिले, पण पुढे काही येणं तिच्या हातात नव्हतं.

६

सकाळी ते भयभास्करांच्या घरी गेले ते थेट ताईंच्या स्वयंपाकघरात.

"वर कोण वाचतं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी चहाचं आधण उतरवलं. "कुणाचा आवाज येतोय आता?" त्या कुजबुजल्या.

"माझ्या बायकोचा."

ताई काही वेळ कपाचा कान पुसत राहिल्या. तो आधीच स्वच्छ होता.

"आई लग्न होऊन आली तेव्हा गायची म्हणे," त्या म्हणाल्या. "मला आठवते ती खुणांनी बोलणारीच. अंथरुणावर पडून असायची. मी हात धरून बसलेली असायचे, आणि वरून तिच्या वाचण्याचा आवाज यायचा. अण्णांना तिच्याच आवाजाची सवय. ज्याची सवय, त्याचाच लागतो."

"पण माझी बायको या घरात पाऊलसुद्धा..."

"शेवटी शेवटी आई तरी कुठे वर जायची?"

"आणि माझा मेव्हणा? तो तर त्या खुर्चीत बसून ओरडला."

"त्यांना काही होत नाही. चिन्हं खातात ते. अण्णांना असं वाचन चालायचं नाही."

"याला काही उपाय?"

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी शाळेत होते तेव्हा एकदा मीच जाऊन बसले त्या खुर्चीत. नीट वाचलं. चिन्हांसकट. आई खाली बोलायला लागली हो. मला नावाने हाक मारली. मग माझा आवाज जायला लागला. मी घाबरले. उठले. परत बसले नाही. लहान होते."

एवढं सांगून त्यांनी चहा पुढे केला. त्यांच्या कुजबुजीकडे विरामरावांनी आज पहिल्यांदा नीट कान दिला. एवढंच उरलं होतं त्यांच्याकडे, आणि तेवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. "किती राहिलंय?"

"एक कथा. आणि पहिलं पान."

"मग उरका की."

विरामरावांना एक क्षण, अगदी एकच, असं वाटलं की एक कथा म्हणजे किती वेळ लागणार. उरकून टाकू आणि मग खोलीला कुलूप लावू. एवढा मोठा माणूस, एवढा मोठा संग्रह, शेवटच्या कथेवाचून लंगडा राहायचा. मग त्यांना पाटीवर चहा मागणारी बायको दिसली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की चहा तसाच सोडून ते जिना चढले. असलं काही मनात यायला माणूस संपादकच असावा लागतो.

७

वर दिवसाउजेडी सगळं शांत होतं. विरामरावांनी शेवटच्या कथेचं आणि पहिल्या पानाचं प्रूफ टेबलावर ठेवलं. शेजारी टोक केलेली लाल पेन्सिल ठेवली. मग एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने मूळ प्रत लिहून काढली. समग्र कथा. भयभास्करांचं नाव. खाली संपादक म्हणून आपलं नाव. आणि त्याखाली, जगात कुठेही प्रथा नसलेली एक ओळ: वाचन, आणि पुढे बायकोचं नाव. तीच ओळ त्यांनी शाईने प्रुफातही घातली.

मग तो कागद आणि शेवटच्या कथेचं मासिक घेऊन ते टेबलाला वळसा घालून मागे गेले आणि वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसले. सीट कोमट होती.

"वाचणारा हवाच ना?" ते म्हणाले. "मग मी वाचतो. तिला सोडा."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. आपला आवाज त्यांना फार किरकोळ वाटला. आयुष्यभर त्यांनी फक्त ऐकलं होतं. शेवटच्या कथेपासून पहिल्या पानापर्यंत त्यांनी सगळं वाचलं, एकही चिन्ह न गिळता, आणि मागून पेन्सिल कागदावरून सरकत असल्याचा आवाज येत राहिला. पाठीमागची खुर्ची मधूनच करकरत होती, पुढे वाकून बघणारा माणूस असला की करकरते तशी.

"नवी ओळ," विरामराव वाचू लागले. "वाचन..." आणि त्यांनी बायकोचं नाव उच्चारलं. "पूर्णविराम."

मागे पेन्सिल जोरात चालली. ओळ खोडताना होतो तो आवाज विरामरावांनी झोपेतही ओळखला असता.

त्यांनी समोर पाहिलं. कपाटाच्या काचेत मागचं टेबल दिसत होतं. एक कोपर दिसत होतं, कोटाच्या बाहीतलं, झिजलेलं. ते हलत होतं. कोपराच्या वर मासिकांचा गठ्ठा आडवा येत होता, आणि मान वाकडी करून पुढचं बघायची विरामरावांची बिलकुल तयारी नव्हती.

घाबरायला हवं होतं. ते घाबरलेही. पण त्यांना रागही आला. बाप रे बाप, काय हा हेका. आणि हा हेका आपण कुठेतरी ऐकलाय, जेवणाच्या टेबलाशी, स्वतःच्याच तोंडून, हे आठवून तो राग दुप्पट झाला.

"नवी ओळ," त्यांनी परत वाचलं. "वाचन..." आणि नाव.

पेन्सिल परत चालली.

त्यांनी परत वाचलं. परत खोडलं गेलं. दोन म्हातारे संपादक पाठीला पाठ लावून एका ओळीवरून भांडत होते, आणि त्यातला एक मेलेला होता एवढाच काय तो फरक. शेवटी विरामराव उठले, डोळे घट्ट मिटून टेबलाशी आले आणि चाचपडत प्रूफ ओढून घेतलं. ते दुसऱ्या बाजूने धरलेलं होतं. जरा ओढाताण झाली आणि सुटलं.

"अण्णा," ते म्हणाले, "तुम्ही लेखक. संपादक मी आहे. शेवटचा हात माझा."

आवाज चिरका आला. जिना उतरताना घशात कोरड पडली. खाली ताई उभ्या होत्या. "येतो" म्हणायला विरामरावांनी तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "परत वर जाऊ नका," त्या म्हणाल्या. विरामरावांनी मान हलवली आणि प्रूफ छातीशी धरून तडक छापखाना गाठला. तांबड्या रेघांनी भरलेल्या त्या ओळीखाली त्यांनी शाईने नाव पुन्हा लिहिलं, आणि पान यंत्रावर चढेपर्यंत तिथून हलले नाहीत. तोंडाने एक अक्षर न बोलता उभ्या राहिलेल्या विरामरावांना पाहून जुळारीच धास्तावले.

८

बायको आली ती बोलतच आली. आवाज आधी फाटका होता, दाराशी पोचेपर्यंत भरला, आणि स्वयंपाकघर पाहिल्यावर तर चांगलाच खणखणला.

"हा टोस्ट आहे का कोळसा? आणि हे काय, कपबशा किती दिवसांच्या? काही विचारते मी. बोलत का नाही तुम्ही?"

विरामरावांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि पुस्तकाचं पहिलं पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने ते वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पान फाटलं नाही की," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसायचं निमित्त करून पाठमोरी झाली. मग वळून तिने त्यांच्या गळ्याला हात लावून पाहिला. "थंडी बाधली असेल," ती म्हणाली. "बरंच आहे. आता जरा मी बोलते, तुम्ही ऐका." आणि ती दिवसभर बोलत राहिली. विरामराव ऐकत राहिले. त्यांना बरं वाटलं, खरंच वाटलं. आवाजाची आठवण येत होती, पण ऐकण्याची सवय जुनी होती.

चहाच्या वेळी फोन वाजला. बायकोने घेतला. तिला पुढे वाकून ऐकावं लागलं, म्हणजे ताईच असणार.

"हे घरीच आहेत," बायको म्हणाली. "माझ्यासमोर बसलेत. नाही हो, सकाळपासून कुठे गेले नाहीत. का?" मग तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "फोन घेऊन वर जा, मी ऐकते."

तिने फोन दोघांच्या मधे टेबलावर ठेवला. आधी जिन्याच्या पायऱ्या ऐकू आल्या, एकेक, सावकाश. एक दार करकरलं. आणि मग विरामरावांचा आवाज आला. स्वच्छ, सपाट, चिन्हांसकट.

"नवी ओळ वाचन," तो म्हणाला, आणि तिचं नाव घेतलं. "पूर्णविराम."

एक पेन्सिल जोरात चालली.

"नवी ओळ वाचन," आवाज पुन्हा म्हणाला. पुन्हा तिचं नाव. पुन्हा पेन्सिल. मग पुन्हा. आवाज थकत नव्हता आणि पेन्सिलही थकत नव्हती.

विरामरावांनी चमचा उचलला आणि टेबलावर दोनदा आपटला. ठेव आता फोन.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता, पण कान फोनवरून हटत नव्हता. लग्नापासून त्यांनी तिला "अगं" म्हणून हाक मारली होती. तिचं नाव त्यांच्या आवाजात ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

तिने त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला, आणि एकदाच आपटला.